गणेशखिंड : लाटसाहेबाचा पावसाळी बंगला

पागोळी

परवा भाचीबरोबर पुणे विद्यापीठात गेले होते. तिचं काम दुसऱ्या विभागात होतं, ते उरकेपर्यंत माझ्या हाताशी तासभर होता. जुलैचा पाऊस, त्यात वारा. छत्री उलटी व्हायला लागली तशी मेन बिल्डिंगच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. एम.ए.ची दोन वर्षं याच आवारात काढली मी. पण तेव्हा ही इमारत म्हणजे फॉर्म, चलन आणि खिडकीसमोरची रांग. तिच्याकडे मान वर करून बघायला सवड कुणाला होती? परवा बघितलं. कमानींच्या बाहेर पागोळ्यांची झालर लागली होती, हिरवळीवर झड तिरपी कोसळत होती, आणि मी आतल्या भिंतीला टेकून कोरडी ठणठणीत. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की हे घर पावसात राहण्यासाठीच बांधलंय.

म्हणजे हे मला माहीत नव्हतं असं नाही. ही मुंबईच्या गव्हर्नरची पावसाळी कोठी होती हे प्रत्येक पुणेकराला ऐकून माहीत असतं. पण ऐकणं वेगळं आणि तिथं भिंतीला पाठ लावून उभं राहणं वेगळं. घरी आल्यावर जुन्या नोट्स काढल्या, म्हटलं इथं लिहावं. चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करा.

मुंबई इलाख्याचा गव्हर्नर वर्षभर एका जागी राहत नसे. थंडीत मुंबई, एप्रिल-मे महाबळेश्वर आणि पाऊस लागला की पुणे. साहेब निघाले की कचेरी निघायची, दफ्तरं निघायची, कारकून बायकामुलांसकट बिऱ्हाड हलवायचे. पुण्यात त्यांचा मुक्काम आधी दापोडीला होता. जॉन माल्कम गव्हर्नर असताना (१८२७ ते १८३०) तिथला फोर्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याचा बंगला सरकारनं विकत घेतला. हा फोर्ड म्हणजे पेशव्यांच्या कवायती पलटणीवर नेमलेला गोरा अधिकारी. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई पेटली तेव्हा तो दापोडीहून आपली पलटण घेऊन निघाला आणि कंपनीच्या फौजेला जाऊन मिळाला. दुसऱ्या बाजूला बापू गोखल्यांचे घोडेस्वार होते. त्या दिवशी पेशव्यांचे सरदार मोर दीक्षित पडले, आणि मोर दीक्षितांचा नि फोर्डचा घरोबा होता असं सांगतात. त्याच फोर्डचं घर पुढं लाटसाहेबाचं झालं. मला ही गोष्ट दर वेळी अस्वस्थ करते.

दापोडीची जागा नदीकाठची, सखल. शिवाय तो मुळात एका अधिकाऱ्याचा बंगला, दरबार भरवायला थोडाच बांधलेला? सर बार्टल फ्रियर १८६२ मध्ये गव्हर्नर झाले, त्यांनी गणेशखिंडीच्या उंचवट्यावरची मोकळी जागा निवडली आणि १८६४ मध्ये काम सुरू झालं. या सालाच्या आगेमागे दोन गोष्टी ठेवून बघा. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, म्हणजे मुंबई आणि पुणे एका रुळावर आले. खडकी स्टेशन इथून जवळच. पावसाळ्याची राजधानी पुण्यात कायमची करायची तर आता अडचण उरली नव्हती. दुसरी गोष्ट कापूस. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या चार वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला होता. फ्रियरनी मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडून नवं शहर वसवायला काढलं ते याच काळात, आणि गणेशखिंडही याच काळातली.

आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा. मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळची तार कचेरी, जी मुळात टपाल कचेरी म्हणून बांधली, तिच्या आराखड्यातही त्यांचा हात होता. गणेशखिंडीसाठी नमुना घेतला तो व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न हाउसचा. इटलीतल्या जमीनदारांच्या घरांसारखं घर, मधोमध नाही तर जरा एका अंगाला उंच चौकोनी मनोरा, अर्धगोल कमानींच्या ओळी. साहेब मुक्कामाला आले की मनोऱ्यावर निशाण चढायचं.

१८६५ ला अमेरिकेतलं युद्ध थांबलं आणि मुंबईचा फुगा फुटला. पेढ्या बुडाल्या, पाठोपाठ बँक ऑफ बॉम्बे बुडाली. खिंडीतलं काम मात्र चालूच. १८७१ मध्ये पुरं झालं तोवर खर्च सुमारे पावणेदोन लाख पौंडांवर गेला होता. विलायतेत पार्लमेंटात त्यावरून बोभाटा झाला, मुंबईचे गव्हर्नर उधळे आहेत, वरिष्ठांना जुमानत नाहीत, असे ताशेरे ओढले गेले. ते ऐकायला फ्रियर इथं नव्हतेच, ते १८६७ मध्ये परतले होते. ज्यानं हे घर मनात आणलं त्याला तिथं पुरा असा एक पावसाळाही मिळाला नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारनं हे सगळं आवार, चारशे एकरांच्या वर, नव्या विद्यापीठाला दिलं. १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ स्थापन झालं, मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. २०१४ पासून नावात सावित्रीबाई आल्या.

मला तुमच्याकडून हवंय ते असं: या इमारतीत तुम्ही स्वतः काय बघितलंत? दगड, जिने, भुयार, काहीही.

औंधरोड

पागोळीताई, छान लिहिलंत. मी या आवारात नोकरीत होतो, १९७४ साली लागलो आणि निवृत्त होईपर्यंत इथंच. त्यामुळं भुयाराचं मी सांगतो.

भुयार आहे. मात्र ते शनिवारवाड्यात निघत नाही आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही निघत नाही. दर वर्षी नवीन पोरं यायची आणि हेच विचारायची, "काका, खरंच पर्वतीपर्यंत जातं का?" मी सांगायचो, बाबा, ते मुदपाकखान्यापासून जेवणघरापर्यंत जातं. स्वयंपाक मुख्य घरात होत नसे. चुलींचा धूर, फोडणीचा वास, मांस कापणं, भांड्यांचा खडखडाट, हे सगळं लांब वेगळ्या इमारतीत. तिथून ताटं जमिनीखालून यायची. पाहुण्यांना बटलर एकदम जेवणघरातच दिसायचा, मधली धावपळ कुणाला दिसायची नाही.

आता तुमचं पावसाचं वाचलं आणि इतक्या वर्षांत न सुचलेली गोष्ट सुचली. मी आजवर समजत होतो की नोकर दिसू नयेत म्हणून भुयार. ते खरंच आहे. पण साहेब इथं राहायचा कधी? जून ते सप्टेंबर. उघड्यावरून सूप आणायचं तर वाटीत अर्धं पाणी यायचं की! भुयार झाकण्यासाठी होतं तसं भिजू नये म्हणूनही असणार.

खाली उतरलो होतो मी एकदा, साफसफाईच्या वेळी. वर ऊन रणरणत होतं आणि पायऱ्या संपल्याबरोबर अंगावर गारवा आला. कंदील नव्हता, बॅटरी होती. मला त्या वेळी सारखं एकच वाटत होतं, की हातात जड ताट घेऊन इथून दिवसातून किती खेपा घालायची माणसं, आणि त्यातल्या एकाचंही नाव कुठं लिहिलेलं नाही.

दगडीचाळ

सिव्हिल इंजिनीअर आहे, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो. मेन बिल्डिंगचं काम मी केलेलं नाही, पण बघायला बरेचदा गेलोय. दगडावर थोडं लिहितो.

नमुना इटलीचा, ऑस्बोर्नमार्गे आलेला. तिकडं बाहेरून गिलावा असतो, पिवळसर पांढरा. इथं पुण्यात दगड आपला, काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. डोंगर फोडला की हाच. इटलीच्या उन्हासाठी काढलेलं चित्र या करड्या-काळ्या दगडात उतरवलं की त्याचा स्वभावच बदलतो. ऊन असताना ही इमारत जरा रुक्ष दिसते, हे माझं प्रामाणिक मत. पण पाऊस पडून गेल्यावर जा. ओल्या दगडाचा रंग जवळजवळ निळा होतो, कमानींच्या कडा धारदार दिसायला लागतात. ताई म्हणतात ते खरं आहे, ही पावसात बघायची इमारत आहे.

एकदा जवळ जाऊन दगडावर हात फिरवा. गुळगुळीत नाहीये तो. टाकीचे घाव बोटाला लागतात, तिरपे, एकाशेजारी एक, जवळजवळ सारख्या अंतरावर. आणि मग एखाद्या दगडावर ते जरा वेगळ्या कोनात जातात. तिथं माणूस बदलला, किंवा तोच माणूस दुसऱ्या बाजूनं बसला. बेसाल्ट हा टाकीला फार चिवट. मऊ वालुकाश्मावर दिवसात जेवढं काम होतं त्याच्या निम्मंही यात होत नाही. टाकीला सारखी धार लावावी लागते, म्हणून कामावर लोहाराचा भाता पेटलेलाच असायचा. अशा दगडात खांबांच्या माथ्यावर पानं कोरायची म्हणजे काय चीज आहे ते ज्यानं टाकी धरली त्यालाच कळेल. कमानीतला एकेक दगड पाचरीसारखा घडवलेला, शेवटी वर मधोमध कळीचा दगड बसतो आणि मग खालचा लाकडी साचा काढायचा. तो काढताना आजही माझ्या छातीत धडधडतं.

जोडायला चुना. चुना घाणीत बैलांनी मळायचा, दिवसच्या दिवस. दगड पाणी पीत नाही, पण सांधे पितात. चुन्याचा सांधा पावसाळ्यात ओल घेतो आणि उघडीप मिळाली की सोडून देतो, श्वास घेतल्यासारखा. आता यात सिमेंट घातलं की काय होतं, ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. एका वाड्याचं काम आमच्याकडं आलं होतं, गाव सांगत नाही. आधीच्या कुणीतरी मजबुती म्हणून सगळ्या दरजा सिमेंटनं भरून टाकल्या होत्या. वरून आत शिरलेलं पाणी बाहेर यायला वाट नाही. भिंतीच्या पोटातला चुना विरघळून गेला, आणि आम्ही एक दगड हलवला तर आतून ओला लगदा ओघळला. बाहेरून भिंत अगदी ठणठणीत दिसत होती. जुन्या दगडी घराला माझा पहिला प्रश्न असतो, पाणी कुठून बाहेर जातं?

यारातीर

मेलबर्नहून लिहितेय. हा धागा वाचताना अंगावर काटा आला. आमच्या इथलं गव्हर्नमेंट हाउससुद्धा ऑस्बोर्नच्याच वळणाचं आहे! विल्यम वॉर्डेल यांचा आराखडा, १८७२ ते १८७६ मधलं बांधकाम. म्हणजे गणेशखिंडीचं काम संपलं त्याच्या पुढच्याच वर्षी इकडं सुरू झालं. शेजारी बोटॅनिकल गार्डन, मधून झाडांवर डोकं काढणारा चौकोनी मनोरा. मी रोज ट्रामनं सेंट किल्डा रोडवरून जाते, झाडांच्या वर तो मनोरा दिसला की दर वेळी पोटात काहीतरी हलायचं आणि कारण कळायचं नाही. माझं बी.एस्सी. नंतरचं शिक्षण पुणे विद्यापीठात झालं. आज कळलं, की मी दोन्हीकडं एकाच घराची सावली बघत होते.

फरक मात्र मोठा आहे. इथलं पांढुरकं आहे, उन्हात चमकतं. आणि इथं अजून गव्हर्नर राहतात, आत जायला ठरावीक दिवस वा सहल बघावी लागते. आपल्या मेन बिल्डिंगच्या व्हरांड्यात मी डबा खाल्लाय. माझ्या इथल्या मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही.

पागोळी

@यारातीर, हे किती सुंदर आहे! मला मेलबर्नचं ठाऊकच नव्हतं. मनोऱ्याचा एक फोटो काढून ठेवा ना माझ्यासाठी, पावसात मिळाला तर उत्तमच.

@औंधरोड काका, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थांबले. पावणेदोन लाख पौंडांचा हिशेब पार्लमेंटात होतो, ताट वाहणाऱ्याचा नाही. आणि बोटॅनिकल गार्डनवरून सांगायचं राहिलं. दापोडीच्या बंगल्याशी सरकारी बाग होती, अलेक्झांडर गिब्सन नावाचे डॉक्टर तिचे प्रमुख होते. कोठी गणेशखिंडीला आली, पाठोपाठ १८७३ मध्ये इकडंही बाग उभी राहिली. आज ती महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे आणि २०२० मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. तिथली जुनी झाडं बघायला एक वेगळा दिवस काढायला हवा.

चिंचवडगाव

सगळं वाचलं. इमारतीचं कौतुक चाललंय ते चांगलंच आहे, पण मला २२ जून १८९७ च्या रात्रीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमचं घर चिंचवडला, चाफेकरांच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी आजी सांगायची तेव्हा आम्ही मुलं श्वास रोखून ऐकायचो.

ते वर्ष प्लेगचं. पुण्यात वॉल्टर रँड प्लेग कमिटीचा प्रमुख होऊन आला. गोरे सोजीर घरात घुसायचे, देवघरापर्यंत बूट घालून, बायकांना रस्त्यावर उभं करून तपासायचे, सामान जाळायचे. रोग आटोक्यात आणायला काहीतरी करणं भाग होतं हे खरं, पण माणसाला माणूस समजून ते करता आलं असतं. त्याच जूनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीच्या या बंगल्यात जलसा होता. लॉर्ड सँडहर्स्ट गव्हर्नर. खाली गावात घराघरांतून माणसं गेलेली, आणि वर खिंडीत रोषणाई आणि खाना. पागोळीताईंनी ज्या व्हरांड्याचं वर्णन केलंय ना, तिथं त्या रात्री नटलेले पाहुणे उभे असतील.

चाफेकर बंधू खाली गणेशखिंड रस्त्यावर, पिवळ्या बंगल्याजवळ, अंधारात थांबले होते. मध्यरात्रीच्या सुमाराला पाहुण्यांच्या गाड्या परतू लागल्या. रँडची गाडी ओळखली, "गोंद्या आला रे" ही खुणेची हाक झाली. दामोदरपंतांनी मागून गाडीवर चढून रँडवर गोळी झाडली. पाठोपाठच्या गाडीत लेफ्टनंट आयर्स्ट आणि त्याची बायको होती, बाळकृष्णांच्या गोळीनं आयर्स्ट जागीच गेला. रँड ३ जुलैला गेला. पुढं दामोदरपंत १८ एप्रिल १८९८ ला फासावर गेले. १८९९ च्या मे महिन्यात वासुदेव ८ तारखेला, त्यांचा साथीदार महादेव रानडे १० ला, बाळकृष्ण १२ ला. आजी एवढंच म्हणायची, "एका आईची तीन पोरं." पुढं तिला बोलवत नसे.

लोकमान्यांनाही त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

तेव्हा या इमारतीचा इतिहास लिहायचा तर तिच्या फाटकाशी थांबून चालायचं नाही. फाटकापासून खाली गावाकडे उतरणारा रस्ताही तिच्यातच धरावा लागतो.

पागोळी

मनापासून आभार. हे मी मूळ लेखात मुद्दाम टाळलं नव्हतं, पण लिहायला घेतलं की हात अडायचा. तुम्ही लिहिलंत तसं मला जमलं नसतं. आणि "फाटकाशी थांबून चालायचं नाही" हे पटलं. १९३१ सालचीही एक गोष्ट आहे. सर अर्नेस्ट हॉटसन हे हंगामी गव्हर्नर, जुलै महिना, म्हणजे पुण्याचाच मुक्काम. २२ जुलैला ते फर्ग्युसन कॉलेजचं वाचनालय बघायला गेले आणि वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचले. पावसाळ्यात लाटसाहेब पुण्यात असायचे म्हणून पुण्याच्या या कथा जून-जुलैतल्या.

परळनाका

प्लेगचा विषय निघालाच आहे तर मुंबईच्या बाजूची कडी जोडतो. लहानपण परळला गेलं, हाफकिनच्या आवाराच्या भिंतीलगत.

परळचं हाफकिन इन्स्टिट्यूट हेही एके काळचं गव्हर्नमेंट हाउस. मुळात ती पोर्तुगीज काळातली पाद्र्यांची वास्तू. इंग्रजांनी १७१९ मध्ये ती जप्त केली. विल्यम हॉर्नबी हे तिथं राहायला गेलेले पहिले गव्हर्नर, पुढं एल्फिन्स्टननी ती वाढवली. शेजारी गिरण्या आल्या, वस्ती दाटली, हवा बिघडली. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथंच पटकीनं वारल्या आणि थोड्या वर्षांत गव्हर्नरांनी मुक्काम मलबार पॉइंटला हलवला. पुढं मुंबईचं राजभवन झालं ते तेच.

रिकाम्या झालेल्या परळच्या कोठीत १८९९ मध्ये डॉ. वाल्देमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. प्लेगची लस त्यांनी आधी १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली होती. आता हे साल चिंचवडगाव यांच्या मजकुराशेजारी ठेवा. त्याच वर्षी, त्याच रोगापायी, एका गव्हर्नरच्या बंगल्याबाहेर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि दोन वर्षांत दुसऱ्या गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात त्याच रोगाची लस तयार होऊ लागली. जिथं नाच व्हायचा तिथं बाटल्या भरल्या जात होत्या. माझ्या आजोबांनी तिथली लस टोचून घेतली होती, दंडावर हात ठेवून सांगायचे.

नवीन_सभासद_पुणे

पहिलाच प्रतिसाद आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. मी सध्या विद्यापीठात शिकतोय. एक प्रश्न मनापासून विचारतो. परक्या राज्यकर्त्यानं आपल्या पैशानं स्वतःच्या चैनीसाठी बांधलेल्या घराची आपण एवढी जपणूक का करायची? त्यापेक्षा वर्गखोल्या वाढवाव्यात असं वर्गात पुष्कळ जणांना वाटतं.

दगडीचाळ

प्रश्न चांगला आहे, संकोच करू नका. माझं उत्तर धंद्यातलं आहे. फ्रियर आणि ट्रबशॉ यांनी कागदावर रेघा ओढल्या. दगड त्यांनी फोडला नाही. ते टाकीचे घाव आपल्या पाथरवटांचे आणि वडारांचे आहेत. आजच्या तारखेला मला अशी कमान नव्यानं बांधायची म्हटली तर कारागीर शोधत दोन जिल्हे फिरावं लागतं, आणि जे मिळतात त्यांना शिकायला अशाच इमारती लागतात. मी माझ्या माणसांना घेऊन जातो आणि सांगतो, हा सांधा बघा, कागद जाणार नाही. इमारत गेली तर तो धडा गेला.

औंधरोड

मी साधं सांगतो. गव्हर्नरचा दरबार भरायचा त्या दिवाणखान्याला आज संत ज्ञानेश्वर सभागृह म्हणतात. मी नोकरीला होतो तेव्हा त्या दाराबाहेर उभा राहून खेड्यातून आलेल्या पोरांना मी आत जाताना बघितलंय, कुणी पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेनंतर पेढे घेऊन आलेलं, कुणाचे वडील पटका बांधून बरोबर. आत शिरताना ते वडील चपला काढायला वाकायचे. मी म्हणायचो, "दादा, राहू द्या, चालतं." तरी काढायचेच. ज्या घरात त्यांच्या आजोबाला मागच्या दारानंही येता आलं नसतं, तिथं मुलगा डॉक्टर होऊन पुढच्या दारानं जातोय. वर्गखोल्या वाढवा, जागा आहे पुष्कळ. पण बाबा, ही जागा तुझी आहे. तू एकदा त्या सभागृहात जाऊन बस.

नवीन_सभासद_पुणे

काका, दगडीचाळ सर, धन्यवाद. उद्याच जातो. वर्गातल्या मुलांनाही हा धागा पाठवलाय. अजून एक विचारू? या भागाला गणेशखिंड का म्हणतात? खिंड आता कुठं दिसतच नाही, चौकात तर नुसती खोदाई आणि गाड्या.

यारातीर

मलाही हे हवंय. माझ्या आठवणीत चौकातला उड्डाणपूल आहे, पण तो पाडला म्हणे?

औंधरोड

हो, २०२० च्या जुलैत पाडला, मेट्रोच्या कामासाठी.

खिंड तिथंच आहे, फक्त रस्ता रुंद करता करता तिचे खांदे उतरले. पुण्याकडून येताना रस्ता हलका चढतो आणि विद्यापीठ चौकाशी माथा येतो. एका बाजूला चतुःशृंगीचा डोंगर, पायी चालणाऱ्याच्या पोटऱ्यांना ती अजून कळते. आणि गणेश म्हणजे पार्वतीनंदन गणपती. चतुःशृंगीकडून विद्यापीठाकडं येताना रस्त्याच्या कडेला लहानसं देऊळ आहे, झाडाखाली. गाडीवरून जाताना चुकतं, म्हणून पायी या. मी नोकरीला जाताना सायकल कडेला लावून रोज दोन मिनिटं तिथं थांबायचो. लढाई झाली तेव्हा, बंगला बांधला तेव्हा, सगळ्याच्या आधीपासून तो तिथं होता. साहेबाच्या पत्रांवरसुद्धा पत्ता त्याच्याच नावानं यायचा, गव्हर्नमेंट हाउस, गणेशखिंड.

पागोळी

काका, येत्या रविवारी सकाळी आठला पार्वतीनंदनाच्या देवळाशी भेटूया का? तिथून पायी मेन बिल्डिंगपर्यंत. दगडीचाळ, तुम्ही आलात तर टाकीचे घाव दाखवा. चिंचवडगाव, तुम्ही नक्की या, आणि तो रस्ता तुम्हीच सांगा. पाऊस असला तरी जायचंच आहे, रेनकोट आणा, छत्री तिथल्या वाऱ्यात टिकत नाही.